कोणते गणित सोडायचे? व्हिडिओ कॉम्प्रेशनमधल्या गणनाभाराविषयी प्रस्तावना

फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल. रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी तपशिलाने साठवायची नेहमीची पद्धत धरली तरी अशी एक फ्रेम ३१ लाख बाइट घेते. सेकंदाला २५ फ्रेम म्हटल्या की झाले ७.८ कोटी बाइट, म्हणजेच ६२ कोटी बिट. शिमग्यात रत्नागिरीच्या श्रीदेव भैरीची पालखी निघते तेव्हा रजा न मिळालेले चाकरमानी ती मुंबई, ठाणे, विरारला बसून मोबाइलवर थेट पाहतात. त्यांच्यापर्यंत पोचणारा प्रवाह सेकंदाला चाळीस-पन्नास लाख बिटांचा, कित्येकदा त्याहूनही बारीक असतो. मूळ माहितीचा शंभरावा हिस्साही वाटेत उरलेला नसतो, तरी पालखी ओळखू येते, गुलाल दिसतो, खांदा देणाऱ्या पोरांत आपल्या वाडीचा कोण आहे हेही कळते.

माहिती अशी आकसवता येते, हे आता कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. ती आकसवण्यासाठी किती गणित करावे लागते आणि त्यातले किती टाळता येते, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पानावर ढकलला जातो. हे पुस्तक त्याच प्रश्नाभोवती लिहिले आहे. माझ्या मते या विषयातला अर्धा कस त्याच प्रश्नात आहे.

पालखी चित्रित करणाऱ्या मुलाच्या हातातला फोन पाहा. एका फ्रेमसाठी त्याला ४० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ती फ्रेम आकसवून पुढे धाडलीच पाहिजे, कारण पुढची दारात उभी असते. फाल्गुनातले ऊन, गर्दीची उष्णता, सकाळी भरलेली आणि दुपारपर्यंत तळाला गेलेली बॅटरी. चिप करते त्या प्रत्येक गुणाकाराची किंमत ऊर्जेत मोजावी लागते, आणि ती ऊर्जा उष्णता होऊन हातालाच जाणवते. चित्रपट-मालिका पुरवणाऱ्या कंपन्यांचे तसे नसते. त्यांना एक चित्रपट एकदाच एन्कोड करायचा असतो आणि तो लाखो वेळा पाहिला जातो, म्हणून एका मिनिटाच्या चित्रासाठी तासभर यंत्र चालवणेही त्यांना परवडते. पण रोज लाखो लोकांचे व्हिडिओ स्वीकारणाऱ्यांना तेही परवडत नाही. २०२१ साली यूट्यूबने केवळ या कामासाठी घडवलेली स्वतःची चिप जाहीर केली, ती याच गरजेतून.

आता गणित नेमके कुठे खर्च होते ते पाहू. सलग दोन फ्रेममध्ये बहुतेक सगळे तेच असते. फक्त थोडे हललेले असते. म्हणून एन्कोडर नव्या फ्रेमचे चौकोनी तुकडे पाडतो, समजा १६ बाय १६ पिक्सेलांचे, आणि प्रत्येक तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता ते शोधतो. सापडला तर तुकडा पाठवण्याचे कारण उरत नाही. ‘तीन पिक्सेल डावीकडे, पाच वर’ असा एक दिशादर्शक सदिश आणि उरलेला बारीकसा फरक पाठवला की काम भागते. पालखी खांद्यावर नाचताना वर जाते, खाली येते, गर्रकन फिरते. पण तिच्या गोंड्याचा जो तुकडा या फ्रेममध्ये आहे तोच मागच्या फ्रेममध्ये चार-सहा पिक्सेलांवर होता, आणि एन्कोडरला एवढेच हवे असते.

शोधायचे कसे? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे आसपासची प्रत्येक जागा तपासणे. चारही दिशांना १६ पिक्सेलांपर्यंत बघायचे ठरवले तर ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ जागा होतात. प्रत्येक जागी २५६ पिक्सेलांची वजाबाकी करायची आणि फरकांची बेरीज घ्यायची. एका तुकड्यासाठी २,७८,७८४ वजाबाक्या झाल्या. फुल एचडी फ्रेममध्ये असे ८,१६० तुकडे बसतात (उंची १६ ने नेमकी भागत नाही म्हणून खाली थोडी भर घालावी लागते). एका फ्रेमला सुमारे २२७ कोटी आणि सेकंदाला ५,६८७ कोटी वजाबाक्या. हा हिशेबही मागची एकच फ्रेम, तुकड्याचा एकच आकार आणि पूर्ण पिक्सेलांचीच हालचाल धरून केलेला आहे. खरा एन्कोडर मागच्या अनेक फ्रेम चाळतो, अनेक आकार आजमावतो आणि पाव पिक्सेलपर्यंत बारकाईने बघतो. माझी विद्यार्थ्यांना विनंती आहे की हा आकडा स्वतः एकदा कागदावर काढावा. तो हाताने मांडल्याशिवाय पुढची कोणतीही युक्ती का जन्माला आली हे उमगत नाही.

पहिली मोठी युक्ती १९८१ सालची. त्या वर्षी जसवंत जैन आणि अनिल जैन यांनी तुकडे जुळवण्याची पद्धत आणि तिच्यासाठी लॉगरिदमिक शोध मांडला. त्याच वर्षी जपानमधल्या कोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन पावलांचा शोध सुचवला. तीन पावलांची रीत अशी. सात पिक्सेलांच्या परिघात शोधायचे असेल तर पूर्ण शोधाला २२५ जागा लागतात. त्याऐवजी आधी मधली जागा आणि तिच्याभोवती चार-चार पिक्सेलांवरच्या आठ जागा तपासायच्या. त्यांतली सर्वांत जुळणारी धरून तिच्याभोवती दोन-दोन पिक्सेलांवर आठ, मग शेवटी एक-एक पिक्सेलावर आठ. एकूण २५ जागा. काम नवव्या भागावर आले आणि बहुतेक वेळा उत्तर तेच मिळाले किंवा त्याच्या जवळचे. पुढे चार पावलांचा शोध आला, हिऱ्याच्या आकाराचा आला, षटकोनी आला. या वंशावळीवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा इथे थांबतो.

या सगळ्या झटपट शोधांच्या पोटात एक गृहीतक दडलेले असते, आणि मला वाचकाचे लक्ष तिथे वेधायचे आहे. गृहीतक असे की, खऱ्या जागेच्या जसजसे जवळ जावे तसतसा फरक कमी होत जातो. धुक्यात सड्यावरून खाडीकडे उतरणारा माणूस पायाखालचा उतार धरून चालतो, कारण उतार शेवटी पाण्यालाच जाणार हे त्याने धरलेले असते. वाटेत एखादे खोलगट डबके लागले की तो तिथेच थांबतो. झटपट शोधही असाच डबक्यात अडकतो, आणि आपल्या भागातली चित्रे अशा डबक्यांनी भरलेली आहेत. जांभ्या चिऱ्याची गडग्यासारखी लांब भिंत घ्या. एकसारखे चिरे, एकसारखे सांधे. कॅमेरा भिंतीवरून सरकला की मागच्या फ्रेममधला शेजारचा चिराही जवळजवळ तितकाच जुळतो. शोध चुकीच्या चिऱ्यावर जाऊन बसतो आणि सदिश भलतीकडे दाखवतो. भाट्याच्या सुरूच्या बनात वारा सुटला की प्रत्येक फांदी वेगळ्या लयीत हलते. मिऱ्याच्या बंधाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचा फेस तर मागच्या फ्रेममध्ये नव्हताच, शोधायचे काय? आणि पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पडणाऱ्या पावसात उघड्यावर कॅमेरा धरला की प्रत्येक थेंबाची रेघ एका फ्रेमपुरती येते आणि जाते. तिला भूतकाळ नसतो. तिच्यासाठी केलेला शोध, मग तो २५ जागांचा असो की १,०८९ जागांचा, सगळा वाया जातो. अशा तुकड्यावर हालचाल शोधणे लवकर सोडून द्यावे आणि तो तुकडा स्वतंत्रपणे कोरावा, एवढे ओळखणारा एन्कोडरच खरा काटकसरी.

उलट पालखीचे चित्र दिसायला गोंधळाचे असले तरी शोधाला सोपे जाते. पालखी एकसंध हलते. तिच्या एका तुकड्याचा सदिश कळला की शेजारच्याचा जवळपास तोच असणार. म्हणून एच.२६३ आणि एच.२६४ या मानकांचे एन्कोडर डावीकडचा, वरचा आणि वर-उजवीकडचा असे तीन शेजारी विचारात घेऊन त्यांच्या सदिशांमधला मधला निवडतात आणि शोधाची सुरुवात तिथून करतात. पुष्कळदा पहिल्याच जागी फरक इतका कमी निघतो की पुढे शोधायची गरजच राहत नाही. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत या शोधात जी खरी बचत झाली, ती हिरा की षटकोन या आकारांपेक्षा या शेजाऱ्यांच्या साक्षीमुळे आणि वेळीच थांबण्यामुळे झाली. आकृत्या सुंदर दिसतात म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिले जाते, इतकेच.

तुकडा जुळवून झाल्यावर उरलेला फरक आकसवायचा असतो, आणि तिथे पिक्सेलांची कोसाइन लहरींत फोड करणारा डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म येतो. त्याचे जनक बेंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद. अमेरिकेत कॅन्ससमध्ये शिकवत असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. त्यांनी काम सोडले नाही. त्यांचा विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह त्यांचा छोटासा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आज फोनमधला बहुतेक प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ त्या निबंधातून निघालेल्या गणितावरून जातो. अनुदान नाकारले गेले तरी कागद-पेन्सिल चालूच ठेवता येते, हे छोट्या गावातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी मनात ठेवावे असे मला वाटते.

या ट्रान्सफॉर्मचा खर्च कसा उतरत गेला ते पाहण्यासारखे आहे. ८ बाय ८ च्या चौकोनात ६४ उत्तरे हवीत आणि व्याख्येप्रमाणे प्रत्येकाला ६४ गुणाकार लागतात, म्हणजे ४,०९६. आधी आडव्या ओळी आणि मग उभ्या रांगा असे दोन टप्प्यांत केले की १,०२४ वर येतात. १९७७ मध्ये चेन, स्मिथ आणि फ्रालिक यांनी आठ बिंदूंचा ट्रान्सफॉर्म १६ गुणाकारांत बसवला. चौकोनाला २५६ झाले. १९८९ मध्ये लोफलर आणि सहकाऱ्यांनी तो ११ गुणाकारांत आणला, १७६ झाले. आठ बिंदूंसाठी याहून कमी होऊच शकत नाहीत हे सिद्ध झालेले आहे. तरीही त्याच्या एक वर्ष आधी अराई, अगुई आणि नाकाजिमा या जपानी त्रयीने पाचच गुणाकारांचा मार्ग दाखवला होता. यात विरोधाभास नाही. त्यांनी उत्तरे पूर्ण न काढता एका ठरावीक पटीत सोडून दिली, कारण लगेच पुढच्या क्वांटायझेशनच्या, म्हणजे उत्तरे ढोबळ करण्याच्या, पायरीत प्रत्येक उत्तराला एका संख्येने गुणायचेच किंवा भागायचेच असते. ती पट तिथेच मिसळून टाकली. एकाच संख्येला दोनदा गुणण्याऐवजी एकदाच गुणायचे.

२००३ साली एच.२६४ मानक आले तेव्हा ही विचारसरणी टोकाला नेण्यात आली. एन्रिके माल्व्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ४ बाय ४ च्या ट्रान्सफॉर्ममध्ये कोसाइन उरलाच नाही. त्याच्या कोष्टकात फक्त १ आणि २ हे आकडे आहेत, काही उणे चिन्हासह. दोनने गुणणे म्हणजे द्विमान संख्येत बिट एक घर सरकवणे, त्याला गुणाकार म्हणायचे कारण नाही. ट्रान्सफॉर्ममधले गुणाकार शून्यावर आले. कोसाइनशी हे कोष्टक तंतोतंत जुळत नाही, पण जितके जुळते तितके डोळ्यांना पुरेसे आहे.

हे वाचताना मला दर वेळी कोकणातल्या एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिले. ग्रहांचे स्थान काढायचे तर ज्या आणि चाप, म्हणजे आजच्या भाषेत साइन आणि त्याचा उलटा हिशेब, यांची कोष्टके सतत चाळावी लागत. गणेश दैवज्ञांनी ज्या-चाप ग्रंथातून पूर्णपणे काढून टाकले आणि त्यांच्या जागी साध्या बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकाराने मिळणारी जवळपासची उत्तरे बसवली. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजत आले तर त्यांच्या काळी ती संख्या सोळा लाखांच्या वर गेलेली होती, आणि ज्योतिष्याला ती प्रत्येक गणितात वागवावी लागे. त्यांनी सुमारे ११ वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे चक्र घेतले. पूर्ण झालेली चक्रे वेगळी मोजायची आणि रोजच्या गणितात ४,०१६ च्या आतलाच आकडा वापरायचा. संख्या लहान ठेवणे आणि ज्या टाळणे, या दोन गोष्टींमुळे खेड्यातला जोशीही पाटी-पेन्सिलवर पंचांग मांडू शकला. एच.२६४ च्या ट्रान्सफॉर्ममध्येही नेमक्या याच दोन गोष्टी केलेल्या आहेत: कोसाइन टाळला आणि संख्या १६ बिटांच्या आत बसतील अशा ठेवल्या. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात गणेश दैवज्ञांच्या कामाचे विवेचन आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ते जरूर वाचावे. गणनाभार कमी करण्यावर मराठीत इतके समजून लिहिलेले फार थोडे सापडेल.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. जवळपासच्या उत्तरांतली चूक एकदा मांडलेल्या गणितात नगण्य असते, पण साचत जाते. काही शतकांनी ग्रहलाघवी पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांपासून दूर दिसू लागले आणि पंचांगशोधनाची चळवळ उभी राहिली; रत्नागिरीतच जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. व्हिडिओत शतके लागत नाहीत, काही सेकंद पुरतात. प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवरून बनते, तेव्हा एन्कोडर आणि डिकोडर यांच्या गणितात तसूभर फरक असला तरी तो फ्रेमागणिक वाढत जातो आणि चित्रावर मळभ चढते. जुन्या मानकांत कोसाइनचे दशांश कोणत्या यंत्राने कुठे पूर्णांकात बसवायचे यावर पूर्ण एकमत नव्हते. म्हणूनच एच.२६१ मध्ये असा नियम होता की कोणताही तुकडा १३२ वेळा पाठवला जाण्याच्या आत एकदा तरी मागच्या फ्रेमचा आधार न घेता नव्याने पाठवायचा. एच.२६४ च्या पूर्णांकी ट्रान्सफॉर्मने हा प्रश्न मुळातूनच मिटवला: सगळी यंत्रे तेच पूर्णांक वापरतात, त्यामुळे दोघांची उत्तरे बिटागणिक तीच येतात. कमी गणित आणि जास्त अचूक मेळ, दोन्ही एकाच निर्णयाने साधले. असे फार क्वचित घडते. एरवी एक मिळवायला दुसरे सोडावे लागते.

त्यानंतरच्या मानकांनी मात्र एन्कोडरपुढे पर्यायांचा डोंगर उभा केला. २०१३ च्या एचईव्हीसीमध्ये ६४ बाय ६४ चा मोठा चौकोन चार भागांत तोडता येतो, प्रत्येक भाग पुन्हा चारांत, असे ८ बाय ८ पर्यंत. किती प्रकारांनी तोडता येईल? ८ चा चौकोन एकाच प्रकारे राहतो. १६ चा दोन प्रकारांनी, अखंड किंवा चार तुकड्यांत. ३२ चा १७ प्रकारांनी: एक अखंड आणि चार भागांचे प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे १६. आणि ६४ चा ८३,५२२ प्रकारांनी. प्रत्येक प्रकार वेगळा तपासायचा म्हटला तर काम संपणारच नाही. पण तसे करावे लागत नाही. खालून वर येताना प्रत्येक पातळीवर ‘हा चौकोन अखंड ठेवला तर किती खर्च, तोडला तर किती’ एवढाच सवाल विचारायचा. सगळे मिळून १ अधिक ४ अधिक १६ अधिक ६४, म्हणजे ८५ चौकोनांची तपासणी पुरते, आणि शेजारच्या चौकोनांचा एकमेकांवर होणारा थोडा परिणाम सोडला तर उत्तर सर्वोत्तमच मिळते. ८३,५२२ वरून ८५ वर येताना चित्राच्या दर्जात काही सोडावे लागत नाही. वाचकाने इथे क्षणभर थांबावे. जिथे नुसत्या मांडणीने काम हजारपट कमी होते, तिथे आधी मांडणी सुधारावी. चित्र बिघडवून वेळ वाचवण्याचे उपाय त्यानंतर.

तरीही ८५ चौकोन, प्रत्येकाला त्याच फ्रेममधल्या शेजारच्या पिक्सेलांवरून घडवण्याचे ३५ अंतर्गत पर्याय, शिवाय हालचालीचे शोध. २०२० च्या व्हीव्हीसीमध्ये चौकोन १२८ चा झाला, तो आडवा-उभा, दोन आणि तीन भागांतही तोडता येतो, अंतर्गत पर्याय ६७ झाले. तेवढ्याच दर्जाला एच.२६४ पेक्षा एचईव्हीसीला जवळपास निम्मे बिट लागतात आणि व्हीव्हीसीला त्याच्याही निम्मे; त्याच्या बदल्यात व्हीव्हीसीचा संदर्भ-एन्कोडर एचईव्हीसीच्या संदर्भ-एन्कोडरपेक्षा आठ-दहापट वेळ घेतो. म्हणूनच सध्याचे बरेचसे संशोधन ‘कोणता चौकोन तोडायचाच नाही हे आधीच कसे ओळखावे’ या एका प्रश्नावर एकवटले आहे. थिबा पॉइंटवरून दिसणाऱ्या सूर्यास्तातले आकाश तोडण्याची गरज नाही, हे चौकोनातल्या पिक्सेलांचा चढउतार पाहूनच कळते. अलीकडे हा अंदाज न्यूरल नेटवर्ककडून घेतला जातो. त्याला माझी हरकत नाही. फक्त त्या नेटवर्कचे स्वतःचे गुणाकारही हिशेबात धरलेले असावेत.

एक गोष्ट नव्या वाचकाला आशा देणारी आहे. मानक एन्कोडरला बांधत नाही, डिकोडरला बांधते. आलेले बिट कसे वाचायचे आणि चित्र कसे उलगडायचे एवढेच त्यात ठरवलेले असते. ते बिट कसे तयार करायचे, काय तपासायचे, काय गाळायचे, हे एन्कोडर लिहिणाऱ्याच्या हाती सोडलेले आहे. त्यामुळे मिरजोळ्याच्या फिनोलेक्स अकादमीत किंवा नाचण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारा विद्यार्थी कुणाची परवानगी न घेता उद्या सकाळी एक नवी शोधपद्धत लिहू शकतो, आणि त्याने बनवलेली फाइल ते मानक जाणणारा जगातला कोणताही फोन उघडेल. यासाठी लागणारे मोफत, मुक्त स्रोताचे एन्कोडर उपलब्ध आहेत: एक्स२६४, एक्स२६५, व्हीव्हीसीसाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचा व्हीव्हीएन्क, एव्ही१ या मानकासाठी एसव्हीटी-एव्ही१. एक्स२६४ मध्ये ‘अल्ट्राफास्ट’पासून ‘प्लासीबो’पर्यंत वेगाच्या पायऱ्या आहेत. एकच क्लिप त्या सगळ्या पायऱ्यांवरून चालवून वेळ आणि आकार यांचा तक्ता करणे हा या विषयातला पहिला स्वाध्याय. शेवटच्या दोन पायऱ्यांवर वेळ कितीतरी वाढतो आणि आकार जेमतेम कमी होतो, हे स्वतः पाहिले की विषय अंगवळणी पडतो.

मोजमापाबद्दल दोन शब्द. ‘वेळ ६० टक्के वाचला’ एवढे सांगून भागत नाही. तोच दर्जा राखायला बिट किती टक्के वाढले हे सोबत सांगावे लागते. गिस्ले ब्योन्टेगार्ड यांनी २००१ साली त्यासाठी जी रीत घालून दिली ती बीडी-रेट नावाने आजही चालते. दुसरे म्हणजे केवळ वजाबाक्या मोजून ऊर्जेचा अंदाज येत नाही. चिपच्या आत एक बेरीज करायला जी ऊर्जा लागते, तिच्या हजारो पटींनी ऊर्जा बाहेरच्या मेमरीतून एक संख्या आणायला लागते. २५ जागांचा शोध जर मेमरीत इकडेतिकडे उड्या मारत असेल, तर सरळ रेषेत चालणारा मोठा शोध कधीकधी त्याच्यापेक्षा स्वस्त पडतो. आजच्या प्रोसेसरमध्ये १६ पिक्सेलांचे फरक एका सूचनेत निघतात. त्या सोयीचा फायदा उठवता येणार नाही अशी हुशार पद्धत कागदावरच हुशार राहते. हार्डवेअर बनवणारे कित्येकदा मुद्दाम साधा, नियमित शोध निवडतात ते यामुळेच.

तिसरे मोजमाप क्लिपचे, आणि मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हेच. या क्षेत्रातले निबंध वर्षानुवर्षे त्याच त्या चाचणी-क्लिपवर तपासले गेले. ‘अकियो’मध्ये एक जपानी वृत्तनिवेदिका जवळजवळ स्थिर बसून बातम्या वाचते. ‘फोरमन’मध्ये बांधकामावरचा एक माणूस कॅमेऱ्याशी बोलतो. अकियोमध्ये पार्श्वभूमी हलतच नाही, त्यामुळे ‘लवकर थांबा’ म्हणणारी कोणतीही पद्धत तिथे विलक्षण बचत दाखवते. तीच पद्धत मिऱ्याच्या लाटेवर चालवली की एकतर बचत नाहीशी होते, नाहीतर चित्राचे ठोकळे दिसू लागतात. कोणते गणित सोडता येईल हे समोर काय आहे यावर ठरते, आणि आपल्यासमोर जे आहे ते त्या क्लिपमध्ये नाही. रात्रीच्या नमन-खेळ्यांचे चित्रण घ्या. उजेड अपुरा, म्हणून सेन्सरचे कण-कण खदखदत असतात. ती खदखद प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असल्याने एन्कोडरला वाटते सगळे चित्रच बदलले. तिथे शोधपद्धतीत सुधारणा करण्याआधी ती खदखद गाळून टाकणे हाच गणनाभार कमी करण्याचा खरा उपाय ठरतो.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांकडे एक मागणे आहे. रत्नागिरीच्या क्लिपांचा एक संच आपण सर्वांनी मिळून करावा. त्यात जुलैतला मिऱ्याचा बंधारा असावा, वाऱ्यातले भाट्याचे सुरू असावेत, चिऱ्याच्या भिंतीवरून सावकाश सरकणारा कॅमेरा असावा, मांडवीच्या धक्क्यावरची संध्याकाळची गर्दी असावी, रात्रीची पालखी आणि रात्रीचे नमन असावे, आंब्याच्या गर्द पानोळ्यावर पडणारा पाऊस असावा, आणि तुलनेसाठी उन्हाळ्यातला रिकामा कातळही असावा, ज्यावर कोणतीही पद्धत सहज जिंकते. प्रत्येक क्लिप दहा सेकंदांची, २५० फ्रेमची पुरे. फुल एचडीत न आकसवता साठवली तर ती सुमारे ७८ कोटी बाइटांची होईल, म्हणजे पन्नास क्लिपा एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतील. फोनमधून थेट निघालेली फाइल चालणार नाही, कारण तिच्यावर फोनच्या एन्कोडरचे चौकोन आधीच उमटलेले असतात आणि आपली पद्धत मग त्याचाच कित्ता गिरवते. न आकसवता साठवणारा कॅमेरा नसेल तर फोरकेमध्ये शक्य तितक्या जास्त बिटरेटने चित्रित करून फ्रेम निम्म्या लांबी-रुंदीवर आणावी. तसे केल्याने बरेचसे डाग बुजतात. प्रत्येक क्लिपसोबत ठिकाण, वेळ, कॅमेरा हातात होता की तिवईवर आणि शटरचा वेग किती होता याची नोंद ठेवावी. शटरचा वेग विसरू नये, कारण तो बदलला की पावसाच्या थेंबाची रेघ आखूड किंवा लांब होते आणि तोच पाऊस एन्कोडरला वेगळे चित्र वाटतो.